सोन्याच्या निबेला कत

परभणीच्या अदालतीत मी नक्कलनवीस होतो. दप्तरातल्या निकालाची, जबानीची, दाव्याची कुणी मागणी केली की तिची हुबेहूब नक्कल उतरवून द्यायची, एवढंच माझं काम. सगळा कारभार उर्दूत चालायचा. घरची भाषा मराठी. सोनपेठला वडलांचं किराण्याचं दुकान होतं आणि त्यांची पत्रं मोडीत यायची. पण दिवसभर कचेरीत माझा हात उजवीकडून डावीकडं चालायचा, आणि त्यात मला कधी काही वेगळं वाटलं नाही. शाळाच उर्दूत झालेली.

उर्दू शाळेनं शिकवलं, अक्षर मात्र मला दिलं ते आमच्या पेशकारसाहेबांनी. पेशकार म्हणजे मुन्सफापुढं, न्यायाधीशापुढं, खटल्यांच्या मिसली मांडणारा, कचेरीतला सगळ्यात जुना माणूस. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी माझी पहिली नक्कल हातात घेतली, खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि म्हणाले की वाचता येतं, पण बघवत नाही. दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटल्यावर अर्धा तास त्यांच्यापुढं बसायचं ठरलं. एका लाकडी पाटीवर मुलतानी माती सारवायची, ती वाळली की बरूनं तीच तीच अक्षरं गिरवायची. वर्षभर हे चाललं. मी कधी कंटाळलो तर ते रागवत नसत. पाटी धुवून परत माझ्यापुढं ठेवत.

ते स्वतः बरूनंच लिहायचे. त्यांच्या कमरेला एक छोटी सुरी असायची, कलमतराश म्हणायचे तिला. तिनं बरूचं टोक छाटायचं, मधे चीर द्यायची आणि मग हाडाच्या पट्टीवर टोक ठेवून एका झटक्यात तिरपं तोडायचं. त्या तिरप्या कापाला कत म्हणतात. बाळबोधीचा कत वेगळा, उर्दूच्या नस्तालीक वळणाचा वेगळा. कत बरोबर पडला तर अक्षराची जाडी आपोआप जिथल्या तिथं येते. आडवी रेघ भरदार उतरते, वळणावर बारीक होते, पुन्हा भरते. त्यांचा कत पडायचा तेव्हा सुपारी फोडल्यासारखा आवाज यायचा आणि शेजारच्या मेजावरचे कारकून एकदा मान वर करायचे.

ते वजीफ्यावर, म्हणजे पेन्शनवर, जायची वेळ आली. सगळ्यांच्या मनात आलं की त्यांना काहीतरी चांगलं द्यावं. शाल, घड्याळ, छडी अशी बरीच नावं निघाली. शेवटी एक वकीलसाहेब म्हणाले की ज्या माणसानं जन्म लिहिण्यात घालवला त्याला पेन द्यावं, आणि तेही असं, की परभणीत दुसऱ्या कुणाकडं नसावं. हे वकीलसाहेब आमच्या अदालतीतले नावाजलेले, वडलांच्या ओळखीचे. कामानिमित्त ते महिन्यातून एकदा रेल्वेनं हैदराबादला जात. लढाईचे दिवस होते, विलायती माल येईनासा झाला होता. पण तिथल्या एका दुकानदाराकडं जुन्या मालातलं एक पेन निघालं. दुकानदार ओळखीचा. पसंत पडलं तर ठेवा, नाहीतर पुढच्या फेरीला परत आणा, फक्त आत शाई भरू नका, बुडवून लिहून बघा, या बोलीवर त्यानं ते दिलं.

वकीलसाहेबांनी ते माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "तुझ्याएवढं लिहिणारं इथं दुसरं कुणी न्हाई. आठ दिवस वापर आणि मला सांग, हे द्यायच्या लायकीचं हाय का."

मी तेव्हा तेवीस वर्षांचा असेन. एवढ्या मोठ्या वकिलानं माझं मत विचारावं, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की पेन नीट बघायच्या आधीच मी ते निम्मं पसंत करून बसलो होतो.

पहिल्या दिवशी मी लिहिलं नाही, नुसतं बघितलं. खिडकीतल्या उन्हात धरलं. रंग काळसर हिरवा, पण आत पिवळ्या-करड्या शिरा. पेन फिरवलं की एखादी शीर चमकायची आणि दुसरी विझायची. टोपणाच्या काठाला सोन्याचं कडं, खिशाला अडकवायचा चाप वरून रुंद, खाली निमुळता. टोपण दीड आट्यात उघडायचं आणि शेवटच्या अर्ध्या आट्याला किंचित जड जायचं, म्हणजे खिशात आपोआप सुटणार नाही. उघडल्यावर कापरासारखा वास आला. तो त्या पेनाच्या नळीचाच होता. दोन दिवसांनी माझ्या बोटांनाही यायला लागला. निब सोन्याची, तिच्या मधोमध एक बारीक छिद्र आणि तिथून टोकापर्यंत केसासारखी चीर. टोकाला पांढरट कण. वकीलसाहेब म्हणाले होते की तो कण सोन्याहून कठीण असतो, म्हणून अशी निब जन्मभर झिजत नाही.

दुसऱ्या दिवशी ते हातात धरून बसलो. आमचा टाक हलका असतो, त्याचं सगळं वजन टोकाकडं; तासाभरानं बोटं दुखतात आणि मधल्या बोटाला जिथं तो टेकतो तिथं घट्टा पडतो. हे पेन टोपण मागं लावलं की बरोबर अंगठ्याच्या बेचक्यात विसावायचं. बोटांनी फक्त दिशा द्यायची, वजन ते स्वतः वाहायचं. एकच गोष्ट खटकली. टोपण बसवायचे आटे जिथं संपतात तिथं एक कड होती आणि माझं मधलं बोट नेमकं त्या कडेवर यायचं. पण मी बोट थोडं मागं घेतलं आणि ती खटक विसरून गेलो.

मग लिहायला घेतलं, ते मराठीत. का, ते आता सांगता येत नाही; कदाचित मला त्या पेनाशी घरच्यासारखं बोलायचं असेल. ताडकळसला दिलेल्या थोरल्या बहिणीला पत्र लिहायचं राहिलं होतं. घरच्या दौतीत निळी शाई होती. निब बुडवली, निथळू दिली आणि कागदावर टेकवली. टाक कागदावर करकरतो, तंतू उचलतो, मधेच शिंतोडा उडवतो. हे पेन कागदावर टेकलं आहे हेच कळेना. एका बुडवणीत दोन ओळी झाल्या आणि तिसरीची सुरुवातही. चार पानं भरली तेव्हा थांबलो. आईच्या गुडघ्यांपासून शेजारच्या म्हशीपर्यंत सगळं त्यात आलं होतं. माझं बाळबोध अक्षर इतकं मोकळं आणि एकसारखं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पुढं बहिणीचा निरोप आला की पत्र पोचलं, पण तूच लिहिलंस का कुणाकडून लिहून घेतलंस.

उर्दू लिहून बघायला चौथा दिवस उजाडला. एका लांबलचक निकालाची नक्कल होती; ती आधी घरी, त्याच निळ्या शाईनं कच्ची उतरवायला घेतली. पहिल्या चार ओळींतच कळलं. शाई नीट येत होती, निब कुठं अडत नव्हती, आणि तरी अक्षर तारेसारखं दिसत होतं. सगळीकडं एकाच जाडीचं. मी दाब देऊन पाहिला. निब मऊ होती, दाबली की तिची दोन टोकं फाकायची आणि रेघ जाड व्हायची; पण ती उभी रेघ. नस्तालीकला जाडी लागते ती आडवीला. त्यामुळं जो उभा अलिफ सडपातळ असायचा तो लठ्ठ झाला आणि ज्या आडव्या बे-ची होडी भरदार असायची ती वाळून गेली. नक्कल वाचता येत होती. बघवत नव्हती.

मी दोन दिवस निरनिराळे प्रयत्न केले. पेन आडवं धरलं, उलटं धरलं, कागद तिरपा केला, कचेरीच्या खरखरीत कागदाऐवजी गुळगुळीत कागद घेतला. काही उपयोग झाला नाही. दोष पेनात नव्हताच. ते गोल टोकाचं पेन होतं आणि गोल टोकानं जे होतं ते उत्तम करत होतं. फक्त पेशकारसाहेबांच्या हाताला जे करायचं होतं ते त्याला येत नव्हतं.

आठव्या दिवशी वकीलसाहेब आले तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी दोघं-तिघं होते. पेन हातोहात फिरलं. कुणी वजन बघितलं, कुणी सोन्याच्या कड्यावर नख फिरवलं. मला विचारलं, कसं आहे. मी म्हणालो की उत्तम आहे, इतकं सुरेख चालणारं पेन मी हातात धरलं नव्हतं. हे खरंच होतं. त्यापुढचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तेवढ्यात एकानं विचारलं की घासत तर नाही ना, आणि मी त्याला उत्तर देत राहिलो. वकीलसाहेबांनी समाधानानं पेनाची डबी मिटली. माझं वाक्य राहिलं ते राहिलंच. मला वाटतं, मी ते राहू दिलं. सगळ्यांचा विरस कशाला करायचा, असं मी स्वतःला सांगितलं. त्यापेक्षा मोठं कारण हे होतं की एवढं नामी पेन नापसंत केलं तर आपणच पारखायला नालायक ठरू, अशी मला भीती वाटली. उगाच.

निरोपाचा समारंभ गुरुवारी कचेरी सुटल्यावर झाला. मुन्सफसाहेब चार शब्द बोलले. पेशकारसाहेबांनी डबी उघडली, पेन दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावलं आणि सगळ्यांचे आभार मानले. निबेकडं त्यांनी एकदाच पाहिलं, अगदी थोडं. मी समोर होतो म्हणून मला ते दिसलं. जाताना मला म्हणाले की उद्या शुक्रवार आहे, सुट्टी आहे, नमाजानंतर घरी ये.

त्यांचं घर दर्ग्याच्या रस्त्याला होतं. मी गेलो तेव्हा ते ओसरीवर चटई टाकून बसले होते. मी लिंगायत घरातला, त्यांच्याकडचं शिजलेलं खाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. मी गेलो की फळं पुढं यायची. त्या दिवशी पेरू होते आणि चिरायला माझ्याकडंच सुरी दिली होती. चटईवर एक वाटी पाणी, एक मऊ फडकं आणि कलमतराशला धार लावायचा त्यांचा काळा गुळगुळीत दगड. दगडाशेजारी ते पेन.

त्यांनी निब आणि तिच्याखालची शाई वाहून आणणारी जीभ बाहेर काढून पाण्यात धुतली होती. वाटीतलं पाणी फिकट निळं झालं होतं.

"नव्या पेनात निळी शाई कुठून आली?" त्यांनी विचारलं. कचेरीची शाई काळी असायची.

मी म्हणालो की माझी आहे. आठ दिवस पेन माझ्याकडंच होतं, पारखायला दिलं होतं.

"उर्दू लिहून बघितलं होतंस?"

"जी. तीन दिवस."

"मंग तुला कळलंच असंल."

मी मान खाली घातली. सगळं सांगितलं. निब गोल आहे, तिनं नस्तालीक उतरत नाही, हे चौथ्या दिवशीच कळलं होतं आणि तरी मी उत्तम म्हणालो. ते ऐकत राहिले. मला वाटलं, आता पाटी पुढं सरकवणार. पण ते एवढंच म्हणाले, "बेटा, पेन चांगलं हाय का, एवढंच तू बघितलंस. कुणाच्या हातात जायलंय, ते बघितलं न्हाईस." आवाज चढलेला नव्हता. मला तो चढलेला चालला असता.

मी म्हणालो की वकीलसाहेबांना सांगून अजून बदलून आणता येईल. त्यांनी मान हलवली. दिलेली वस्तू परत करायची नसते, म्हणाले. मग निब परत बसवली, पेन उचललं आणि निबेचं टोक त्या काळ्या दगडावर टेकवलं.

मी त्यांचा हात धरला. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या अंगाला कधी स्पर्श केला नव्हता. जन्मभर न झिजणारी निब, साऱ्या अदालतीनं दिलेली, आणि ते तिला दगडावर घासणार. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. म्हणाले, "कलमाला कत देताना कधी भीती वाटली का तुला? हे बी कलमच हाय."

सबंध दुपार त्यात गेली. तो पांढरा कण खरोखरच कठीण होता. पाण्याचा थेंब टाकायचा, पेन ठरलेल्या तिरक्या बाजूला कलतं धरायचं, दहा-बारा वेळा घासायचं, फडक्यानं पुसायचं, उन्हाकडं धरून चष्म्यातून बघायचं, आणि मग माझ्याकडं द्यायचं. माझी नजर तरणी होती. मी सांगायचो की निबेचा डावा दात लांब आहे, उजवा आखूड. ते परत घासायचे. एकदा जास्त घासलं गेलं. कागदावर टेकवलं तर निब मांजराच्या नखासारखी ओरबाडत गेली आणि कागद फाटला. ते मात्र बरूचं टोक तोडताना जसे असायचे तसेच शांत होते. दगडावर त्यांनी निब दोन-तीनदा नुसती फिरवली, आठ काढल्यासारखी, न दाबता. कड मोडली. पुन्हा टेकवलं तेव्हा ओरबाडणं थांबलं होतं.

मग त्यांनी शाई मागवली, ती पातळ कपड्यातून गाळून घेतली आणि पहिल्यांदा पेन भरलं. एक बे काढला. होडी भरली होती. पूर्ण नाही, बरूसारखी तर नाहीच. पण कुठं भरायची आणि कुठं बारीक व्हायची हे त्या निबेला आता ठाऊक होतं. त्यांनी पूर्ण ओळ लिहिली, कागद लांब धरला आणि बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, खूश झाले असतील. ते म्हणाले की पत्राला चालेल, भिंतीवर लावायला चालणार नाही. मग माझ्याकडं पेन देऊन म्हणाले, आता तू मराठी लिहून बघ.

मी लिहिलं. ज्या पेनानं चार पानं अशी पळाली होती त्याच पेनानं माझं अक्षर आता लंगडायला लागलं. नको तिथं जाड, हवं तिथं बारीक, आणि वर जाणारी प्रत्येक रेघ अडखळत. मी पेन खाली ठेवलं. ते सुंदर पेन माझ्यासाठी संपलं होतं, आणि ते माझ्यासाठी कधी नव्हतंच, हे कळायला मला तेवढी एक दुपार लागली. आम्ही दोघांनी पेरू खाल्ले. त्यांच्या बोटांच्या रेषांत काळी शाई आणि दगडाची पूड बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी वकीलसाहेबांच्या घरी गेलो आणि आठव्या दिवशी जे सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं. दगडाचंही सांगितलं. ते आधी ऐकतच राहिले, मग त्यांचा चेहरा उतरला. एवढ्या हौसेनं आणलेल्या पेनाची निब घासली, हे त्यांना लागलं. मला जा म्हणाले नाहीत, बस म्हणाले नाहीत. मी थोडा वेळ उभा राहून निघून आलो. आठवड्यानं ते स्वतः अदालतीत माझ्या मेजापाशी आले. पेशकारसाहेबांनी त्यांना आभाराचं पत्र पाठवलं होतं, त्या पेनानं लिहिलेलं. त्यांनी ते माझ्यापुढं उलगडून धरलं. आम्ही दोघंही ते बघत राहिलो. मग घडी घालताना ते म्हणाले, "पुढच्या टायमाला मला तोंडावर सांगत जा. मला राग येईल, येऊ दे."

त्यानंतर लोक मला पेनं दाखवायला आणायचे. मी आधी त्यांच्याकडूनच लिहवून घ्यायचो आणि पेनापेक्षा हाताकडं जास्त बघायचो. कुणाची मूठ आवळलेली, कुणी दाबून लिहिणारा, कुणाचं मनगट उचललेलं. त्यातल्या बऱ्याच जणांना मी साधा टाकच वापरा म्हणून सांगितलं आणि त्यांना ते आवडलं नाही.

चार-पाच वर्षांनी हैदराबाद संस्थान गेलं. कचेरीत नवे अधिकारी आले, उर्दू मागं पडत चालली. पेशकारसाहेबांच्या वजीफ्याचा अर्ज नव्यानं करावा लागणार होता, आणि नव्या साहेबांना तो मराठीत हवा होता. पेशकारसाहेब स्वतः आले. उर्दूत लिहून आणलेला मसुदा त्यांनी माझ्यापुढं ठेवला. अक्षर तसंच, हात थोडा थरथरलेला, पण जाडी जिथल्या तिथं. त्यांना मराठी बोलता येई, वाचता येत नसे. मी त्याचा मराठीत अर्ज लिहिला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला. एक अक्षर कळत नसतानाही ओळीवरून ओळ नजर फिरवली आणि तिसऱ्या ओळीत बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

"ळ," मी म्हणालो.

"याची दोन्ही कडी सारखी न्हाईत."

मी पाहिलं. नव्हतीच. मी नवा कागद घेतला आणि सगळा अर्ज पुन्हा लिहिला. तोवर ते बाकावर बसून राहिले. सहीच्या जागी मी त्यांना माझा टाक देऊ केला. त्यांनी तो घेतला नाही, खिशातून स्वतःचं ते हिरवं पेन काढलं. अर्ज त्याच दिवशी आत गेला, आणि महिन्याभरानं त्यांचा वजीफा सुरू झाल्याचं पत्र आलं. ते मराठीत होतं, म्हणून त्यांना वाचून दाखवायला मीच गेलो.